परवाना एका खिडकीवर, पीआर दुसऱ्या खिडकीवर: नाशिकच्या एका डॉक्टर कुटुंबाचं प्रकरण

२०२५ची दिवाळी होऊन आठवडा झाला होता. ओपीडीतला शेवटचा पेशंट गेला आणि बाहेर थांबलेलं जोडपं आत आलं. तो माझ्याच शाखेचा, एमडी मेडिसिन, वय ३५, सहा वर्षांपासून मुंबई नाक्याकडच्या एका खासगी हॉस्पिटलात. ती ३२ वर्षांची, एम.फार्म., अंबड एमआयडीसीतल्या औषध कारखान्यात क्वालिटी कंट्रोलला. मुलगी पाच वर्षांची. पंचवटीतल्या जुन्या घरात ६७ वर्षांची आई. वडील जाऊन चार वर्षं झालेली.

त्याने फाइल टेबलावर ठेवली आणि म्हणाला, "मॅडम, कॅनडाच्या पीआरसाठी दीड लाख भरलेत. आणि इकडे इंग्लंडच्या प्लॅबचा पहिला पेपर पास झालोय. आता पुढे काय करू, तुम्हीच सांगा."

पीआर म्हणजे परदेशात कायम राहण्याची परवानगी, आणि प्लॅब म्हणजे परदेशी पदवीच्या डॉक्टरांना इंग्लंडमधल्या परवान्यासाठी द्यावी लागणारी परीक्षा. मी काही इमिग्रेशनची सल्लागार नाही, या कामाचे पैसेही घेत नाही. २००३ ते २०११ मी इंग्लंडमध्ये होते. तिथले नियम अंगावर काढून परत आले, म्हणून ओळखीतले ज्युनियर येतात आणि मी त्यांचे कागद वाचते. हे प्रकरण त्या दोघांच्या परवानगीने लिहिते आहे. ओळख पटू नये म्हणून काही बारीकसारीक तपशील बदलले आहेत. लिहायचं कारण एवढंच, की त्याच्यासारखी फाइल घेऊन हिंडणारी मुलं मला दर महिन्याला भेटतात आणि बहुतेकांची चूक एकाच जागी झालेली असते.

डॉक्टरला परदेशात दोन वेगवेगळ्या खिडक्यांवर उभं राहावं लागतं. एक खिडकी मेडिकल कौन्सिलची: तुम्ही पेशंट तपासू शकता की नाही, हे ती ठरवते. दुसरी इमिग्रेशनची: तुम्ही त्या देशात राहू शकता की नाही, हे तिच्या हातात. एका खिडकीवरचा शिक्का दुसरीवर चालत नाही. आणि प्रत्येक देशात या खिडक्यांचा क्रम वेगळा आहे. इंग्लंडमध्ये आधी परवाना, मग नोकरी, मग व्हिसा, आणि काही वर्षांनी कायमचं वास्तव्य. कॅनडात पुष्कळदा उलटं: पीआर आधी हातात येतो आणि डॉक्टरकीचं दार मात्र बंदच असतं. त्याच्या फाइलमध्ये दोन्ही देशांचे कागद एकावर एक रचलेले होते आणि कोणता कागद कोणत्या खिडकीचा, हे त्याला माहीत नव्हतं. यात त्याचा दोष नाही. मेडिकल कॉलेजात हे कोणी शिकवत नाही.

एजंटने भरलेला फॉर्म

आधी कॅनडाचे कागद काढले. एजंटशी झालेला करार साडेचार लाखांचा, तीन हप्त्यांत. "आठ महिन्यांत पीआर" असं तोंडी सांगितलेलं. करारात मात्र "फाइल सादर करणे" एवढंच काम लिहिलेलं. पैसे घेऊन कॅनडाच्या अर्जात प्रतिनिधी व्हायचं असेल तर तिथल्या सल्लागारांच्या नियामक संस्थेचा परवाना लागतो किंवा तिथला वकील असावा लागतो. करारावर परवाना क्रमांक कुठेच नव्हता.

पण माझी नजर अडकली ती एक्स्प्रेस एंट्रीच्या, म्हणजे पॉइंटांवर पीआरचं निमंत्रण देणाऱ्या कॅनडाच्या योजनेच्या, प्रोफाइलच्या प्रिंटवर. व्यवसायाच्या रकान्यात डॉक्टरऐवजी आरोग्य सेवांचा व्यवस्थापक असा कोड टाकलेला. मी विचारलं, "अरे, तू व्यवस्थापक कधी झालास?" तो म्हणाला, "ते म्हणाले, डॉक्टर टाकलं तर पदवी तपासायला वेळ लागतो. हे सोपं पडेल."

सोपं पडतं यात खोटं काहीच नव्हतं. कॅनडात मुख्य अर्जदाराने आपला व्यवसाय फॅमिली फिजिशियन किंवा स्पेशालिस्ट डॉक्टर असा दाखवला, तर पदवीचं मूल्यांकन मेडिकल कौन्सिल ऑफ कॅनडाकडूनच यावं लागतं. इतरांना चालणारा नेहमीचा मूल्यांकन अहवाल डॉक्टरला चालत नाही. एजंटने तो नेहमीचा अहवाल आधीच मागवून ठेवला होता. तो वाया जाऊ नये म्हणून माणसाचा व्यवसायच बदलून टाकला. कॅनडाच्या कायद्यात खोटी माहिती दिल्याचं सिद्ध झालं तर पाच वर्षांची बंदी येते. ती एजंटवर येत नाही, अर्जदारावर येते. आणि पुढे दुसऱ्या देशाच्या फॉर्मवर "तुम्हाला कधी व्हिसा नाकारला गेला आहे का" या प्रश्नासमोर हो लिहावं लागतं.

दीड लाख गेले याचं त्याला वाईट वाटत होतं. माझा जीव वेगळ्याच कारणाने खालीवर होत होता. अजून निमंत्रण आलेलं नव्हतं, अर्ज गेलेला नव्हता. प्रोफाइल मागे घेता येत होतं. दुसऱ्याच दिवशी त्याने ते मागे घेतलं.

प्रिस्क्रिप्शनच्या मागे केलेला हिशेब

मग प्रामाणिकपणे अर्ज केला तर काय होईल, हे बघायला मी प्रिस्क्रिप्शनचा कागद पालथा घातला. जोडीदारासह अर्ज करणाऱ्याला वयाचे जास्तीत जास्त १०० पॉइंट मिळतात, तेही २० ते २९ या वयात. तिशी गाठली की दर वाढदिवसाला पाच कमी. ३५व्या वर्षी ७०. शिक्षणाचे १२६. इंग्रजी चांगलं आलं, म्हणजे त्यांच्या मोजपट्टीवर नववी पातळी गाठली, तर ११६. बायकोच्या एम.फार्म.चे १० आणि तिच्या इंग्रजीचे २०. पदवी, परदेशातला अनुभव आणि भाषा यांच्या जोडीचे १००. बेरीज ४४२.

२०२५च्या उत्तरार्धात आरोग्यसेवा गटासाठीच्या निमंत्रणाच्या फेऱ्यांचा कटऑफ ४७०च्या आसपास होता. म्हणजे तो तीसेक पॉइंटांनी मागे. पूर्वी नोकरीची ऑफर असली की वरचे पॉइंट मिळायचे, तेही मार्च २०२५मध्ये काढून टाकले.

तो म्हणाला, "मॅडम, जानेवारीत मला ३६ लागतंय."

"मग ४३७."

त्याची बायको इतका वेळ गप्प होती. तिने कागद स्वतःकडे ओढला. "मुख्य अर्जदार मी झाले तर?" ३२व्या वर्षाचे ८५, बाकी जवळपास तेच. ४५७ झाले. पण कारखान्यातल्या क्वालिटी कंट्रोलचं काम आरोग्यसेवा गटात बसत नाही, त्यामुळे तिला त्या फेऱ्यांचा उपयोग नाही. फ्रेंच चांगलं येत असतं तर गोष्ट वेगळी होती. फ्रेंचच्या फेऱ्यांचे कटऑफ त्या वर्षी बहुतेक वेळा बरेच खाली होते. जे विशीत आहेत आणि कॅनडाचा विचार करताहेत, त्यांनी भाषा शिकायला आजच सुरुवात करावी, असं मी मनापासून सांगते. त्या दोघांना, नोकरी आणि लहान मूल सांभाळून, दोन वर्षांत त्या पातळीचं फ्रेंच जमणं कठीण होतं.

अजून एक खाचखळगा त्या फाइलमध्ये होता. त्याचं आयईएलटीएस, म्हणजे इंग्रजीची परीक्षा, होतं अकॅडेमिक. इंग्लंडच्या जनरल मेडिकल कौन्सिलला, म्हणजे जीएमसीला, तेच लागतं: एकूण ७.५ आणि चारही भागांत किमान ७. कॅनडाच्या एक्स्प्रेस एंट्रीला मात्र जनरल ट्रेनिंग लागतं. नाव एक, परीक्षा दोन. एजंटने "झालंय ना, चालेल" म्हणून सांगितलं होतं. ते चाललं नसतं.

आणि समजा, पीआर मिळाला. पुढे? रेसिडेन्सीच्या, म्हणजे हॉस्पिटलातल्या प्रशिक्षणाच्या, जागांसाठी बहुतेक प्रांतांत पीआर किंवा नागरिकत्व लागतंच, म्हणून माणसं आधी पीआर घेऊन जातात. तिथे गेल्यावर मेडिकल कौन्सिलच्या परीक्षा, आणि परदेशी पदवीधरांसाठी राखलेल्या मोजक्या जागा. एमडी करून सहा वर्षं आयसीयू सांभाळलेल्या माणसाला पुन्हा पहिल्या वर्षाच्या रेसिडेंटच्या रांगेत उभं राहावं लागतं. दुसरी वाट आहे ती अनुभवी डॉक्टरांची काही आठवडे प्रत्यक्ष कामातून पारख करून परवाना देण्याची. ती बऱ्याच प्रांतांत आहे आणि त्या बदल्यात डॉक्टरांची टंचाई असलेल्या भागात काही वर्षं काम करण्याचं बंधन असतं. पण ती मुख्यतः फॅमिली डॉक्टरांसाठी. त्यातली पहिली लेखी परीक्षा भारतात बसूनही देता येते, हे त्याला कोणीच सांगितलं नव्हतं.

डिसेंबर २०२५मध्ये कॅनडाने डॉक्टरांसाठी एक्स्प्रेस एंट्रीत स्वतंत्र गट जाहीर केला. बातमी आली त्या दिवशी त्याचा मला उत्साहाने फोन आला. मी म्हटलं, अट वाच. गेल्या तीन वर्षांत कॅनडातच किमान बारा महिने डॉक्टर म्हणून काम केलेलं हवं. त्याच घोषणेत प्रांतांना परवानाधारक डॉक्टरांसाठी ५,००० वाढीव जागा दिल्या आहेत. परवाना आणि ऑफर आधी मिळवली तर त्या वाटेने प्रांत नामांकन करू शकतो. म्हणजे कॅनडाच्या वाऱ्याचं तोंडही आता हळूहळू परवान्याकडे वळतं आहे. त्याच्यासाठी कॅनडा संपला नव्हता. पण ती त्याची पहिली वाट नव्हती, हे ओपीडीतल्या त्या पहिल्या संध्याकाळीच आम्हा तिघांना कळलं होतं.

अमेरिकेवर आम्ही पाच मिनिटंही घालवली नाहीत. परीक्षा, मग पुन्हा तीन वर्षांची रेसिडेन्सी. ती जे-१ व्हिसावर केली तर दोन वर्षं मायदेशी परतण्याची अट, किंवा त्यातून सूट मिळवायला टंचाईच्या भागात तीन वर्षं सेवा. आणि एवढं करून ग्रीन कार्डाची रांग जन्मदेशावर ठरते. भारतात जन्मलेल्यांची रांग दहा वर्षांहून जुनी आहे. पंचविशीतल्या मुलाने हे गणित मांडून बघावं. ३५व्या वर्षी, घरी एकटी आई असताना, नाही. आखाती देशांत पगार चांगला, दुबईत डॉक्टरांना दहा वर्षांचा गोल्डन व्हिसाही मिळतो, पण तो पीआर नव्हे.

इंग्लंडचं घड्याळ

उरली ती वाट त्याने नकळत धरलेलीच होती. प्लॅबचा पहिला पेपर पास झाला की दोन वर्षांत दुसरी परीक्षा द्यावी लागते. ती मँचेस्टरला होते. लेखी नाही, खोट्या पेशंटसमोर एकेका खोलीत जाऊन द्यायची. फी हजार पौंडांच्या आसपास, वर तिकीट आणि राहणं. त्यासाठी व्हिजिटर व्हिसा चालतो.

मी त्याला विचारलं, "तू एमडी मेडिसिन आहेस, मग एमआरसीपीचा विचार का नाही केलास?" पूर्ण एमआरसीपी, म्हणजे ब्रिटिश रॉयल कॉलेजांची मेडिसिनमधली पदव्युत्तर परीक्षा, झालं तर जीएमसी ते प्लॅबऐवजी धरते, आणि वॉर्डात नोकरी शोधताना त्याचं वजन वेगळं पडतं. त्याला वाटत होतं, ते फक्त तिथे गेल्यावरच करता येतं. लेखी भाग इथूनही देता येतात. आम्ही ठरवलं: प्लॅब पुढे चालू ठेवायची, कारण ती अर्धी झालीच आहे. आणि एमआरसीपीचा पहिला भाग सोबतच द्यायचा, कारण आजच्या इंग्लंडात नुसत्या प्लॅबवर नोकरी मिळणं अवघड झालं आहे.

हे मला त्याला स्पष्ट सांगणं भाग होतं. माझ्या वेळी प्लॅबनंतर नोकरीला काही महिने लागायचे. आता एकेका जागेवर शेकडो अर्ज पडतात आणि जाहिरात काही तासांत बंद होते. जुलै २०२५मध्ये तिथल्या सरकारने आरोग्य सेवेचा दहा वर्षांचा आराखडा मांडला. त्यात तिथल्याच पदवीधरांना स्पेशालिटी ट्रेनिंगमध्ये प्राधान्य देण्याचं ठरलं, आणि जानेवारी २०२६मध्ये त्यासाठी संसदेत विधेयकही आलं. म्हणजे त्याला मिळाली तर ट्रेनिंगबाहेरची, हॉस्पिटलने स्वतः भरलेली जागा मिळण्याचीच शक्यता जास्त. पीआरच्या दृष्टीने त्याने काही बिघडत नाही. ट्रेनिंगची असो वा बिगरट्रेनिंगची, डॉक्टरांना मिळणाऱ्या हेल्थ अँड केअर वर्कर व्हिसावरचं प्रत्येक वर्ष सारखंच मोजलं जातं. हे फार जणांना ठाऊक नसतं.

तो म्हणाला, "एजंट म्हणत होता, इंग्लंडला आता फॅमिली नेता येत नाही." हे अर्धवट खरं आहे. मार्च २०२४पासून केअर वर्करना, म्हणजे वृद्ध-आजाऱ्यांची देखभाल करणाऱ्यांना, नवरा-बायको, मुलं नेता येत नाहीत. डॉक्टरांना येतात, आणि जोडीदाराला नोकरीही करता येते. शिवाय इतर व्हिसांवर दर वर्षाच्या हिशेबाने आधीच भरावा लागणारा आरोग्य अधिभार या व्हिसावर नाही.

आता घड्याळाचं सांगते, कारण माझ्या मते या प्रकरणाचा जीव तिथे आहे. पाच वर्षं झाली की कायमच्या वास्तव्याचा अर्ज करता येतो, हे सगळ्यांना पाठ असतं. पण पाच वर्षं कुठून मोजायची? विमानतळावर पाऊल ठेवल्यापासून नव्हे. परीक्षेसाठी व्हिजिटर म्हणून राहिलेले दिवस मोजत नाहीत. घड्याळ वर्क व्हिसापासून सुरू होतं. आणि कोणत्याही बारा महिन्यांच्या पट्ट्यात १८० दिवसांपेक्षा जास्त बाहेर राहिलं तर ते बिघडतं. पट्टा सरकता असतो, जानेवारी ते डिसेंबर नसतो. नोव्हेंबरात आईच्या ऑपरेशनला चार महिने येऊन गेलेला मुलगा पुढच्या ऑगस्टात पुन्हा तीन महिने आला, तर दोन वेगळ्या वर्षांतल्या सुट्ट्या म्हणून तो निश्चिंत असतो आणि नियमाच्या हिशेबात मात्र तो हद्द ओलांडून गेलेला असतो. अत्यंत गंभीर कारणांना सवलत असते, पण ती कागदांनी सिद्ध करावी लागते.

त्या दोघांचा बेत होता, की तो आधी जाईल आणि ती वर्षा-दीड वर्षाने मुलीला घेऊन जाईल, शाळेचं वर्ष मध्येच तुटायला नको म्हणून. मी विचारलं, "तुझं घड्याळ कधी सुरू होणार, हे बघितलंस का?" तिला वाटत होतं नवऱ्याचं झालं की सगळ्यांचं. तसं नाही. जोडीदाराची पाच वर्षं त्याची स्वतःची मोजतात, आणि मुलाला कायमचं वास्तव्य मिळायला साधारणपणे आईवडील दोघांचंही व्हावं लागतं, किंवा एकत्र होत असावं लागतं. ती दीड वर्षाने गेली तर मुलीचं कामही दीड वर्ष मागे. आणि तेवढ्या काळात नियम बदलला तर नव्या नियमात त्या दोघी अडकतील.

नियम बदलतो, हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. २००६च्या मार्चमध्ये मी उत्तर इंग्लंडातल्या एका हॉस्पिटलात कामावर होते. त्या महिन्यात जाहीर झालं, की युरोपबाहेरच्या डॉक्टरांना परमिटशिवाय ट्रेनिंग करण्याची सोय बंद. अंमल ३ एप्रिलपासून. त्याच दिवसापासून कायमच्या वास्तव्याची मुदत चार वर्षांवरून पाच झाली. लंडनच्या ईस्ट हॅममध्ये एकेका खोलीत चार-पाच जण राहून नोकरी शोधणारी आपली मुलं रातोरात आभाळ फाटल्यासारखी झाली. माझ्या बॅचची एक मैत्रीण मे महिन्यात सामान विकून परत आली. पुढे भारतीय वंशाच्या डॉक्टरांच्या संघटनेने, बापिओने, कोर्टात दाद मागितली आणि ३० एप्रिल २००८ला हाउस ऑफ लॉर्ड्सने त्यांच्या बाजूने निकाल दिला. ज्यांनी उच्च कौशल्याच्या योजनेत आधीच प्रवेश घेतला होता, त्यांच्यासाठी चारची पाच वर्षं करणंही कोर्टाने २००९च्या एप्रिलमध्ये बेकायदा ठरवलं. मी त्यातली एक होते, मला त्याच वर्षी कायमचं वास्तव्य मिळालं. मैत्रिणीला निकालाचा काहीच उपयोग झाला नाही, ती तोवर धुळ्यात दवाखाना टाकून बसली होती.

आता तोच प्रसंग मोठ्या आकड्यांत समोर आहे. मे २०२५च्या श्वेतपत्रिकेत तिथल्या सरकारने पाचाची दहा वर्षं करण्याचा प्रस्ताव मांडला. नोव्हेंबरात त्यावर लोकांची मतं मागवायला सुरुवात झाली. सार्वजनिक सेवेत असलेल्यांची मुदत कमी करण्याचं त्यात आहे. अंतिम नियम कसा येईल यावर आज पैज लावू नये. म्हणून मी त्यांना दोन गोष्टी सांगितल्या. जायचं तर तिघांनी शक्य तितक्या जवळच्या तारखांना जा. आणि इंग्लंडला शेवटचं स्टेशन समजू नका.

कारण त्या परवान्याला पुढे जोडगाड्या आहेत. ऑस्ट्रेलियात प्लॅब आणि इंग्लंडमधलं एक वर्षाचं देखरेखीखालचं काम असेल तर ऑस्ट्रेलियाची परीक्षा न देता नोंदणीची वाट मिळते. नियोक्त्याच्या जोरावर मिळणाऱ्या पीआरला साधारण ४५व्या वर्षापर्यंत अर्ज करता येतो. मात्र मेडिकेअरच्या, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्य विम्याच्या, पैशांवर स्वतंत्र प्रॅक्टिस करायची तर परदेशी पदवीधराला दहा वर्षं डॉक्टरांची टंचाई असलेल्या भागातच बसावं लागतं, हेही लक्षात ठेवायचं. न्यूझीलंडमध्ये तर नोंदणी आणि मान्यताप्राप्त नियोक्त्याची नोकरी असलेल्या डॉक्टरला ५५ वर्षांपर्यंत थेट रेसिडेन्स व्हिसाचा अर्ज करता येतो. त्यासाठी इंग्लंडमधला अनुभव फार कामाला येतो. म्हणजे इंग्लंडने दहा वर्षं केलीच, तरी तीन वर्षांनी त्याच्या हातात एक पर्याय असेल. कॅनडाचं प्रोफाइल घेऊन नाशिकमध्ये बसलेल्या माणसाच्या हातात तो नसतो.

आई

पुढच्या रविवारी मी त्यांच्या घरी गेले, पंचवटीत. त्यानेच बोलावलं होतं. "आईशी तुम्ही बोला, माझ्याने होत नाही."

काकूंनी थालीपीठ लावलं होतं. माझ्या पानात लोण्याचा गोळा ठेवत त्यांनी थेट विचारलं, "ताई, मलापण नेतील का हे?"

खरं उत्तर द्यायला मला जड गेलं. इंग्लंडने जुलै २०१२पासून वृद्ध पालकांना कायमचं नेण्याची वाट इतकी अरुंद केली आहे, की स्वतःचं स्वतः करता येत नाही आणि भारतात पैसे देऊनही काळजी घेणारं कोणी मिळत नाही, असं सिद्ध करावं लागतं. धडधाकट आईला ती वाट नाहीच. व्हिजिटर म्हणून एका खेपेला सहा महिने. कॅनडात या बाबतीत मन मोठं आहे. तिथल्या सुपर व्हिसावर आईवडील एका खेपेला पाच वर्षांपर्यंत राहू शकतात. देश निवडताना हा मुद्दा किती जण मांडतात? माझ्याकडे आलेल्यांपैकी एकानेही पहिल्या भेटीत मांडलेला नाही. पगार विचारतात, थंडी विचारतात, शाळा विचारतात.

मी काकूंना जसं आहे तसं सांगितलं. त्या थोडा वेळ तव्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "मी सिंहस्थ सोडून कुठे जाणार नाही. २७ साली रामकुंडावर गर्दी होईल तेव्हा घर उघडं पाहिजे, माहेरची सगळी उतरतात." त्यांना राग आलेला नव्हता. पण मुलगा स्वयंपाकघराच्या दारात उभा होता, त्याने मान खाली घातली.

त्या दुपारी आम्ही आणखी एक कोष्टक केलं, प्लॅबचं नाही, पॉइंटांचं नाही. आईची शुगरची तपासणी कोण बघणार, रात्री फोन आला तर दहा मिनिटांत कोण पोचणार, मावसभाऊ नाशिकरोडहून येतो तर त्याला किती वेळ लागतो. आणि वर्षाला किती दिवस त्याला येता येईल. १८०ची मर्यादा असली तरी आम्ही ९० धरले, बाकीचे ९० अचानकच्या दुखण्यासाठी शिल्लक. त्याने त्यासाठी एक साधी वही केली आहे. पहिल्या पानावर रकाने आखलेत: निघाल्याची तारीख, परतल्याची तारीख, मधले दिवस.

ज्ञ

या सगळ्यात ज्या गोष्टीने खरा वेळ खाल्ला ती वडिलांच्या नावातला ज्ञ. दहावीच्या गुणपत्रिकेवर आणि एमबीबीएसच्या पदवीवर इंग्रजीत तो डी-एन-वाय असा लिहिलेला, आपण मराठी माणसं लिहितो तसा. पासपोर्टवर जी-वाय, कारण पासपोर्टचा फॉर्म ज्याने भरून दिला त्याला तसाच उच्चार माहीत. शिवाय गुणपत्रिकेवर आधी आडनाव, मग नाव, मग वडिलांचं नाव, तर पासपोर्टवर आडनाव वेगळ्या रकान्यात. आपल्याकडे याला कोणी चूक म्हणत नाही. पण जीएमसी पदवीची पडताळणी अमेरिकेतल्या एका संस्थेमार्फत करून घेते, आणि तिथे पदवीवरचं नाव पासपोर्टशी जुळलं नाही की ते आणखी कागद मागतात.

आरोग्य विज्ञान विद्यापीठ म्हसरूळला, त्यांच्या घरापासून वीस मिनिटांवर. सगळ्या महाराष्ट्रातली मुलं ज्या गावाला फेऱ्या मारतात ते याचं गाव, एवढा एक फायदा त्याला होता. पण दुरुस्ती पदवीवर करायची की पासपोर्टवर? मी म्हटलं, पासपोर्टवर. दहावी, बारावी, एमबीबीएस, एमडी, मेडिकल कौन्सिलची नोंदणी, सगळीकडे डी-एन-वाय आहे. एकासाठी पाच कागद बदलण्यापेक्षा पाचांसाठी एक बदल. आयईएलटीएसचा निकाल मात्र जुन्या पासपोर्टच्या नावावर असल्याने दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र जोडावं लागलं. मेडिकल कौन्सिलकडून चांगल्या वर्तणुकीचा दाखला मागवायलाही त्याला मी थांबवलं. जीएमसीला तो तीन महिन्यांच्या आतला लागतो. आता आणला असता तर प्लॅब होईपर्यंत शिळा झाला असता.

एजंटने सहा फोन आणि एका नोटिशीनंतर साठ हजार परत केले. बाकीचे नव्वद अजून अडकलेले आहेत.

हे लिहिते आहे तेव्हा २०२६चा जानेवारी संपत आला आहे. त्याला ३६ लागलं. मँचेस्टरची तारीख मे महिन्यातली मिळाली आहे, एमआरसीपीच्या पहिल्या भागाचा अभ्यास रात्री दहानंतर चालतो. बायकोने जनरल आयईएलटीएसची तयारी सुरू केली आहे, कारण कॅनडाचं दार तिच्या नावाने किलकिलं ठेवायचं असं दोघांनी ठरवलं.

परवा रात्री त्याचा फोन आला. वाटलं व्हिजिटर व्हिसाचं काही विचारतोय. मागे काकूंचा आवाज येत होता. त्या ६७व्या वर्षी पहिल्यांदा पासपोर्ट काढताहेत, पुढे कधी सहा महिने जाऊन यायचं झालं तर हाताशी असावा म्हणून. फॉर्म ऑनलाइन भरत होते आणि नवऱ्याच्या नावाच्या रकान्यात अडकले होते.

"मॅडम, आई विचारतेय, ज्ञ कसा लिहायचा?"

"डी-एन-वाय," मी म्हटलं. "आणि मधलं नाव पूर्ण लिही, आद्याक्षर नको."

मागून काकू एकेक अक्षर मोठ्याने म्हणत राहिल्या आणि तो टाइप करत राहिला.